बेचिराख गावची बाई

पैसेवाल्या माणसाला गाव नको असतं, गावची हवा हवी असते. शेणाचा वास नको, पण गाईचं ताजं दूध दाराशी हवं. पिंपरीच्या माळावर पेनिसिलीनचा कारखाना उभा राहत होता त्या वर्षांत पुण्यामुंबईच्या अशाच हौशी लोकांनी पवनेच्या काठी बंगल्यांची कॉलनी वसवली. इकडे बोरजाई, तिकडे कान्हेवाडी आणि दोन्ही गावांच्या मधली ती मोकळी जागा. बघता बघता तिथं लाल कौलांचे बंगले झाले, टेनिसचं मैदान झालं, एका डॉक्टरांनी तर दारात कारंजंही उडवलं. जागा मातीमोलानं मिळाली याचं प्रत्येकाला कोण कौतुक! नदीकाठची एवढी जमीन दोन्ही गावांनी कधी नांगराखाली का घेतली नाही, हे मात्र कुणी विचारलं नाही. स्वस्तात मिळालेल्या वस्तूची कुळकथा विचारू नये, हा शहाण्या माणसाचा नियमच आहे.

ती जागा म्हणजे खरं तर एक गावच होतं, पण उठून गेलेलं. सरकारी भाषेत अशा गावाला बेचिराख म्हणतात, म्हणजे जिथं दिवा लागत नाही असं. पाया खणताना मजुरांना चुलीचे दगड मिळाले, जात्याची तळी मिळाली. कंत्राटदारानं ती भरावात टाकली आणि वर बाग केली.

या कॉलनीतला बोरजाईच्या बाजूचा पहिला बंगला कुसुमताईंचा. म्हणजे कागदावर रंगरावांचा, त्यांच्या यजमानांचा. रंगरावांचं पुण्यात कापडाचं दुकान होतं. पण त्या घरातला खिळा न् खिळा कुसुमताईंनी स्वतः उभं राहून ठोकून घेतला होता. लहानपणी आईवडील गेले, मामाच्या घरी वाढल्या, तिथून थेट पेठेतल्या सासरी. माहेर म्हणून जाऊन पडावं असं ठिकाण नाही आणि सासरी स्वयंपाकघराच्या किल्ल्या अजून सासूबाईंच्या, शालनबाईंच्या, कनवटीला. पोरबाळ झालं नाही, त्याचे टोमणे वेगळेच. या बंगल्यात आल्यावर त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या मनानं भाजी ठरवली. हसू नका. ज्या बाईला ते कधी करायला मिळालं नाही तिला विचारा.

आणि आता तेच घर जायच्या बेतात होतं. पहिल्याच पावसाळ्यात बाकीचे बंगले बंद झाले, मंडळी पुण्यामुंबईला परतली. शालनबाईंनीही निरोप धाडला की सुनेनं एकटीनं रानात राहायचं थेर पुरे झालं. रंगराव रविवारी येत, ते त्या रविवारी मान खाली घालून म्हणाले की एक मुंबईचं गिऱ्हाईक आलंय, आषाढ सरला की विकून टाकू. रंगराव गेल्यावर कुसुमताई पायरीवर बसून पोटभर रडल्या.

दोन दिवसांनी, सकाळी भुरभुर चालू असताना, बोरजाईकडून हलगी वाजत आली. कुसुमताई फाटकाशी गेल्या. पन्नासेक माणसं एक छोटा लाकडी गाडा दोरानं ओढत आणत होती. लहान पोराच्या खेळण्यातला असावा एवढाच. त्यात शेंदूर लावलेला देवीचा मुखवटा, हिरवा खण, बांगड्या, निंबाचे डहाळे, दहीभाताचा नैवेद्य. त्यांच्या कुंपणाला लागून एक जुना उभा दगड होता. तिथं माणसांनी गाडा ठेवला, नारळ फोडला आणि पाठ फिरवून चालू लागली. कुसुमताईंनी विचारलं, अहो, कुठली देवी ही? एकानंही मागे वळून पाहिलं नाही.

कुसुमताईंना राग आला. देवीला अशी उघड्यावर, पावसात टाकून जातात? त्या पेठेत नांदलेल्या. दाराशी आलेल्या सवाष्णीला कुंकू लावल्याशिवाय पाठवायचं नाही, हे त्यांच्या अंगात मुरलेलं. आणि खरं सांगायचं तर त्यांना आनंदही झाला. त्यांच्या स्वतःच्या घरी पहिल्यांदाच कुणी आलं होतं. त्यांनी गाडा उचलून आत आणला, देवघरात पाट मांडला, भोवती रांगोळी काढली, देवीची ओटी भरली. हात जोडून म्हणाल्या, बाई, आता मला या घरातून उठवू देऊ नकोस.

दुसऱ्या दिवशी कान्हेवाडीची तानाबाई दूध घेऊन आली. रोज ती थेट स्वयंपाकघराच्या दारापर्यंत यायची. आज कुसुमताईंनी कौतुकानं तिला देवघर दाखवलं, तशी ती ओसरीवरच थबकली आणि दोन पावलं मागे सरून पायरी उतरली.

"बाई, ह्ये काय केलं तुमी?" ती म्हणाली. "मरीआईचा गाडा हाय त्यो. मरीआईला वाटंला लावायचं असतं. पाट मांडायचा नसतो तिला."

मग पावसात उभं राहूनच तिनं सगळं सांगितलं. आषाढात रोगराई गावाबाहेर जावी म्हणून मरीआईला गाड्यात बसवून शिवेवर सोडतात. पुढचं गाव तो गाडा उचलतं आणि आपल्या हद्दीतून ओढत पलीकडच्या शिवेवर नेऊन ठेवतं. असं करत करत तिला लांब पोचवायचं. दुसऱ्याच्या हद्दीत कुणी गाडा ओढायचा नाही, ज्या गावची हद्द त्या गावच्याच माणसानं ओढायचा. तानाबाईच्या आज्याच्या वेळी बोरजाईनं रीतीप्रमाणं गाडा इथं आणून सोडला. पण इथं पटकीनं, म्हणजे कॉलऱ्यानं, आधीच घरोघर माणसं आडवी झाली होती. दोर धरायला कुणी उठू शकलं नाही. गाडा गावातच राहिला, आणि आषाढ सरायच्या आत गाव संपलं.

कुसुमताईंनी विचारलं, मग त्यानंतर कसं करता? मधल्या या जागेतून गाडा कान्हेवाडीला पोचतो कसा?

तानाबाई म्हणाली, दरसाल बोरजाईवाले सकाळी गाडा इथं सोडतात आणि दिवस मावळायच्या आत तो कान्हेवाडीच्या शिवेवर येतो. आपण पाठ करून उभं राहायचं आणि चाकाचा आवाज थांबला की मग वळायचं. कोण ओढतं ते कुणी बघितलेलं नाही. काल सगळी माणसं अंधार पडेपर्यंत उभी होती. गाडा आला नाही.

कुसुमताई तानाबाईला म्हणाल्या, तुम्हीच घेऊन जा तो. तानाबाईनं मान हलवली. ही तिची हद्द नव्हती. दुधाची चरवी पायरीवर ठेवून ती भराभरा निघून गेली.

दुपारी आभाळ इतकं भरून आलं की घरात दिवा लावावा लागला. कुसुमताई दिव्याची काच पुसत होत्या तेव्हा फाटकाशी कुणीतरी उभं असल्याचं त्यांना जाणवलं. खिडकीतून पाहिलं तर बरीच माणसं होती. बाया, बापे, एकदोन म्हातारे. बोरजाईची माणसं गाडा न्यायला आली असतील असं वाटून त्यांना हायसंच वाटलं. त्या बाहेर गेल्या.

माणसं चिंब भिजली होती आणि तरी त्यांचे ओठ उन्हाळ्यातल्या चिखलासारखे फुटले होते. सगळ्यांत पुढे उभ्या असलेल्या म्हातारीनं हातानंच पाणी मागितलं. कुसुमताईंनी घागर आणली. म्हातारी प्याली, मग मागचा गडी प्याला, मग त्याच्या मागची बाई. घागर रिकामी झाली. दुसरी आणली, तीही संपली. ओठ तसेच कोरडे. तेव्हा कुसुमताईंना कळलं ही कुठली माणसं आहेत ते. पळावंसं वाटलं, पण हातात घागर धरून पाहुण्यांसमोरून पळायचं तरी कसं?

"गाडा तुज्या घरात हाय," म्हातारी म्हणाली. तिचा आवाज साधा होता, शेजारणीनं पीठ मागावं तसा. "तू गावची का पावनी?"

कुसुमताईंना प्रश्न कळला नाही. म्हातारीनं समजावून सांगितलं. पाहुणी असशील तर गाडा ओसरीवर आणून ठेव आणि उद्या आपल्या घरी निघून जा, आमचं काम आम्ही करू, तुला कसला दोष नाही. गावची असशील तर दोर धर. गावच्या माणसाला हे काम चुकत नाही.

आता बघा, शहाण्या बाईनं काय म्हणायला हवं होतं ते तुम्हाआम्हाला कळतं. पण कुसुमताईंना उभ्या जन्मात कुणी विचारलं नव्हतं की तू इथली का. मामीनं विचारलं नाही, सासूनं विचारलं नाही. आषाढ सरला की हे घर जाणार होतं आणि त्या पुन्हा दुसऱ्याच्या किल्ल्यांकडे बघत बसणार होत्या.

"मी गावची," त्या म्हणाल्या.

त्यांनी आत जाऊन गाडा आणला. माणसांनी सरकून दोरावर त्यांना जागा दिली. एवढासा गाडा, पण ओढताना नांगरासारखा जड. कॉलनीच्या सरळ डांबरी रस्त्यावरून कुणी गेलंच नाही. डॉक्टरांच्या कारंज्यापाशी सगळी वळली, मेंदीच्या कुंपणातून पार झाली, टेनिसच्या मैदानात एका जागी थांबली. तिथं म्हातारीनं खाली वाकून उंबऱ्याला करतात तसा नमस्कार केला आणि म्हणाली, हे माझं घर. तिचं नाव कुशाबाई होतं. वाटेत ज्यानं त्यानं आपापलं घर दाखवलं. कुसुमताईंना कुणी विचारलं नाही की तुम्ही कुणाच्या कोण. तुझं नाव काय, एवढंच विचारलं. आणि भीती वाटायला हवी होती तिथं त्या बाईला बरं वाटत होतं. ते आठवून पुढे कितीतरी दिवस त्यांना स्वतःचीच भीती वाटली.

कान्हेवाडीच्या शिवेवर माणसं पाठ करून उभी होती. कालचा नैवेद्य वाया गेला म्हणून आज पुन्हा आणला होता. दोनच हातांवर तानाबाई उभी होती. तिचं ठिगळाचं लुगडं कुसुमताईंनी लांबूनच ओळखलं. चाकं थांबायच्या आत त्यांनी हाक मारली, तानाबाई. ती वळली नाही. त्यांनी पुन्हा हाक मारली.

तानाबाईनं शेजारच्या बाईचा हात घट्ट धरला. "यंदा एक बाईमाणूस जास्तीचं हाय," ती म्हणाली. "कुनी वळून बघू नगा."

तेव्हा मात्र कुसुमताईंनी दोर सोडला आणि डांबरी रस्त्यानं ऊर फुटेस्तोवर धावत घर गाठलं. मागून कुणी आलं नाही. आरशात पाहिलं, चेहरा आपलाच होता. चिमटा काढला तर दुखलं. हाताला दोराचे वळ होते. जिवंत होत्या, धडधाकट होत्या. रविवारी रंगराव आले तेव्हा त्यांनी स्वतःच ट्रंक भरून ठेवली होती. बंगला विका, त्या म्हणाल्या, मला पुण्याला न्या. रंगरावांना वाटलं, बाई अखेर ताळ्यावर आली.

बंगला विकला गेला. कुसुमताई पेठेत परतल्या, सासूच्या हाताखाली वावरू लागल्या. किल्ल्या, टोमणे, सगळं पहिल्यासारखं. त्यांना त्याचं काही वाटेनासं झालं. उलट रोज जिना चढताना त्या मनात म्हणायच्या, बरं झालं सुटले. दिवाळी गेली, संक्रांत गेली, उन्हाळ्याची कुरडया-पापडाची धांदल गेली. बोरजाई नि कान्हेवाडी ही नावंसुद्धा त्या घरात कुणी काढली नाहीत.

मग आषाढ लागला. एका दुपारी पाऊस झिमझिमत होता आणि कुसुमताई चुलीपुढं बसून आखाडाच्या कापण्या तळत होत्या. बाहेरच्या खोलीत शालनबाई जपमाळ घेऊन बसल्या होत्या. दाराची कडी वाजली. शालनबाईंनी उठून दार उघडलं, कुणाशी तरी बोलल्या, आणि स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. कधी नव्हे तो त्यांच्या चेहऱ्यावर कौतुक होतं.

"कुसुम, अगं, तुला न्यायला आलेत," त्या म्हणाल्या. "लग्नाला इतकी वर्षं झाली, आखाडात कधी एक मुराळी आला नाही तुझा, आणि आज अख्खं गाव लोटलंय. आमच्या गावची बाई न्यायला आलो, म्हणतात. बिचारी ओलीचिंब झालीत. आत या म्हटलं तर येत नाहीत. माहेर नाही, माहेर नाही म्हणत होतीस, मग ही कोण?"

कढईतली कापणी करपू लागली होती. कुसुमताईंनी ती झाऱ्यानं काढली. नाही म्हणून सांगा, असं त्यांच्या ओठांवर आलं होतं. पण मागच्या आषाढात त्या दिवशी दोन्ही वाटा मोकळ्या होत्या. कुणी हात धरला नव्हता, कुणी बळजबरी केली नव्हती. जे बोलायचं ते त्याच बोलल्या होत्या, मनापासून बोलल्या होत्या, आणि जन्मात तेवढंच एक त्यांना हवं तसं मिळालं होतं.

त्यांनी चुलीतलं लाकूड मागे ओढलं, हात पुसले, आणि सासूबाईंना वाकून नमस्कार केला.

"माझ्या गावची माणसं आहेत," त्या म्हणाल्या आणि दाराकडे गेल्या.