खालच्या आळीच्या पिपाण्या

"अक्षू, त्येच्या तोंडाला लागू नगंस. गावाचं पाणी त्येच्या मुठीत हाय," असं मुक्ताबाईनं सुनेला सांगितलं होतं. अक्षतानं ते हसण्यावारी नेलं. सांगलीत विश्रामबागेच्या कॉलेजात शिकलेली पोरगी ती. पंचायतीचा पगार खाणाऱ्याला पाण्याची वेळ विचारली, तर त्यात तोंडाला लागण्यासारखं काय आहे, असं तिला वाटलं.

तिनं विचारलं, तेही भर चौकात. पंचायतीचा पाणीवाला लालासाहेब मोटरसायकलला लोखंडी चावी बांधून चालला होता. ती चावी रस्त्यातल्या व्हॉल्वला लावून तो एकेका आळीला पाणी सोडायचा. अक्षता म्हणाली, फळ्यावर वेळ लिहीत जा, वाट बघण्यात बायकांचा रोजगार बुडतो. तो म्हणाला, "वैनी, पाणी म्हंजी म्हस हाय. पानवली तर दिती."

चौक हसला. अक्षता म्हणाली, "मग वरच्या आळीत बरी रोज पानवती? तिथं काय पेंड घालता काय?"

चौक आणखी मोठ्यानं हसला. लालासाहेब तेवढा हसला नाही.

त्या दिवसापासून खालच्या आळीचं पाणी चोरपावलांनी यायला लागलं. आधी तो चावी फिरवून हॉर्न तरी वाजवायचा, तेही त्यानं बंद केलं. कधी दिवस उगवायच्या आत, कधी सगळी आळी ज्वारी काढायला रानात गेलेली असताना पाणी येऊन जायचं. दाब कमी, म्हणून प्रत्येक दारापुढं खड्डा खणून नळ खाली उतरवलेला. त्या खड्ड्यांच्या काठाला आता बायका राखणीला बसायला लागल्या. मजुरी सोडून नळाच्या तोंडाकडं बघत बसायचं. अक्षता मांडीवर पोरगी घेऊन बसायची, ती उठली की मुक्ताबाई.

चैतातल्या एका दुपारी अक्षता आत पोरीला पाजत होती. शेजारची सुलाबाई माहेरची कर्नाटकातली, घाईत तिच्या तोंडून कानडीच यायचं. "नीर बंत, नीर बंत," अशी पाणी आल्याची तिची हाक ऐकून मुक्ताबाई घागर घेऊन पळाली. शेवाळल्या काठावरनं पाय सटकला आणि म्हातारी घागरीसकट खड्ड्यात गेली. खुब्याचं हाड मोडलं. मिरजेला नेऊन सळई घातली. सारा जन्म लोकांच्या रानात खुरपं चालवलेली बाई कूस बदलायलाही सुनेची वाट बघायला लागली.

लालासाहेब भेटायला फिरकला नाही. चौकात म्हणाला म्हणे, "म्हातारीनं पायाखाली बगावं. का त्येला बी फळा लावू?"

हे वाक्य अक्षताच्या डोक्यात जाऊन बसलं. नवरा नागसेन एसटी डेपोत मेकॅनिक, सुट्टीला घरी यायचा. तो म्हणाला अर्ज दे. तिनं अर्ज दिला, पंचायतीनं बघतो म्हटलं आणि कुणी बघितलं नाही. पोरीला थोपटताना अक्षता मनातल्या मनात लालासाहेबाला त्याच खड्ड्यात पालथा घालायची. पोरगी झोपली तरी हात थोपटतच राहायचा.

पाणी यायच्या आधी नळातनं नुसतं वारं येतं, सुस्स करून. हा आवाज आळीनं जन्मभर ऐकलेला. एक दिवस तो ऐकता ऐकता अक्षताचं लक्ष पोरीच्या हातातल्या पिपाणीकडं गेलं. यल्लम्माच्या जत्रेतला फुगा कधीच फुटला होता, खालची पिपाणी तेवढी राहिली होती. तिनं सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापला, एका तोंडाला पिपाणी बसवली, दुसरं तोंड नळावर चढवलं आणि तोटी उघडी ठेवली.

पुढच्या पाळीला नळ रेडकागत ओरडला. मागनं पाणी आलं आणि पिपाणी उडून खड्ड्यात पडली. पोर पडलं असं समजून सुलाबाई धावत आली. बघितलं आणि पदर तोंडाला लावून खाली बसली.

"आगं बया, नळाला कंठ फुटला की."

आठवड्याभरात आळीतल्या सगळ्या नळांना पिपाण्या लागल्या. बायका रानात जायला लागल्या. घरी जे कोण असेल ते आवाज ऐकून सगळ्यांच्या नळाखाली भांडी लावायचं.

एवढ्यावर थांबली असती तर ती अक्षता कसली. तिनं जतच्या बाजारातनं पिपाण्यांची पिशवीच आणली आणि गोड बोलत वरच्या आळीत दारोदार लावून दिल्या. लालासाहेबाच्या दारातसुद्धा. सुलाबाईला राग आला. ती माणसं आपल्याला कवा इचारत्यात, असं ती फणकाऱ्यानं बोलली.

"त्यांच्यासाठी न्हाई देत मी," अक्षता म्हणाली. "ती चावी कुठंबी फिरली तरी गावाला ऐकू आली पाहिजे."

वैशाखात लालासाहेबानं सांगितलं, मोटार जळाली, चार दिस पाणी न्हाई. गावानं मान डोलावली. दुसऱ्याच दिवशी भर दुपारी वरच्या आळीच्या पिपाण्या एकदम ओरडायला लागल्या. बायका घागरी घेऊन धावल्या. वारं येत राहिलं, पाणी थेंबभर नाही. मग पिपाण्या गप झाल्या. बायका एकमेकींच्या तोंडाकडं बघायला लागल्या. ही लाइन आळीच्या पुढं उतारानं जाते ती लालासाहेबाच्या मेव्हण्याच्या, कृष्णातच्या डाळिंबाच्या बागेकडं. तिकडचं तोंड उघडं असलं की आळीच्या नळांना नुसतं वारं. कुणी कुणाला सांगावं लागलं नाही. रिकाम्या घागरी काखेला मारून सगळ्या तिकडं निघाल्या.

बागेच्या तळ्यात गावाचं पाणी धो धो पडत होतं. लालासाहेब बांधावर बसून मोबाईल बघत होता. बायकांनी त्याला घेरलं आणि त्याचं सगळं खानदान काढलं. अक्षता पोरगी कडेवर घेऊन मागनं आली. मोटरसायकलची दोरी सोडून तिनं चावी काढून घेतली.

"वैनी, चावी ठिवा. सरकारी हाय ती."

"माझी आत्ती खड्ड्यात पडली तवा पाणीबी सरकारीच हुतं."

तो नरमला. नोकरी जाईल म्हणाला. अक्षता म्हणाली, "जाऊ दे."

नोकरी गेली. चावी बचत गटाच्या बायकांकडं आली. एवढ्यानं दुसऱ्या कुणाचं मन निवलं असतं. अक्षता तशीच वरच्या आळीत गेली, लालासाहेबाच्या नळाची पिपाणी हिसकून काढली आणि पदरात बांधली. त्या घरी पाण्याची हाक द्यायची नाही, असं त्या आळीनंही आपसूक ठरवलं. तोंड दाखवायला जागा उरली नाही तसा लालासाहेब बायको घेऊन कोरेगावला कामाला निघून गेला. आई मागं राहिली. अनसूया तिचं नाव, वय मुक्ताबाईएवढंच.

औषधं आणायला जाताना अक्षताला ती दिसली. डोक्यावर पदर घेऊन उन्हात खड्ड्याच्या काठाला बसली होती, घागर पायाशी.

"कुणाची गं तू? पाणी सुटलंय का?"

अक्षता न थांबता पुढं निघून गेली. घरी येऊन मात्र तिनं सगळं सांगितलं. मुक्ताबाई भिंतीकडं तोंड करून पडली होती, तशीच म्हणाली, "पिपाणी दिऊन यी जा तिची."

अक्षता गेली नाही. जाणारही नाही. सासूला कुशीवर वळवताना ती कण्हते, तेव्हा अक्षताचे दात अजून एकमेकांवर घट्ट बसतात. पण जतकडं जाणारं कुणी भेटलं की ती हळूच एक काम सांगते. तेच तुम्हालाही सांगायला लावलंय तिनं. वरच्या आळीच्या टोकाला, जतच्या वाटेवर लालासाहेबाचं घर आहे, दारापुढं नळाचा खड्डा आहे. म्हातारी काठावर बसलेली दिसते का, एवढं बघून या. दिसली नाही, तर जरा वाकून खड्ड्यात बघा.