सुतकातली सहा जेवणं

रघु भोईर रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाला तेव्हा मानपाड्यात पेढे वाटले गेले, आणि दुसऱ्याच दिवशी त्याचे वडील धाकूबाबा एक कोर्टाचं समन्स घेऊन माझ्याकडे आले. मी डोंबिवलीच्या शाळेत मास्तर. रघु माझाच विद्यार्थी.

"आता ह्यो कागूद रघू बगंल ना?"

रघु शिकला ते आम्लं आणि क्षार, कोर्टकचेरी नव्हे, हे मी त्यांना समजावून सांगितलं. क्षार म्हणजे काय, तर मीठ हाही एक क्षारच. जन्मभर मिठागरात फावडं ओढलेल्या माणसाला, मुलगा चार वर्षं मुंबईला राहून मिठाबद्दलच शिकला हे कळल्यावर जे वाटायचं ते वाटलं.

"मंग त्याला बालिष्टर करा," ते म्हणाले.

बॅरिस्टर त्यांनी एकदाच पाहिला होता. ठाण्याच्या कोर्टात तो आत आला आणि दोन वकील उठून उभे राहिले. तेच वकील धाकूबाबांना बसा म्हणाले नव्हते. तेव्हापासून त्यांच्या मनात ते होतं. मी चौकशी केली. लंडनला जायला पदवी कायद्याचीच लागते असं नाही, रसायनशास्त्रही चालतं. ज्ञातीच्या मंडळाने शिष्यवृत्ती दिली, साडेतीन वर्षांची. त्यापुढे एक दिवसही नाही, असं ठरावातच लिहिलं होतं. हा ठराव मीच शुद्ध मराठीत करून दिला होता, त्यामुळे त्यात पळवाट राहिली नाही.

जानेवारी एकावन्नमध्ये रघु बोटीवर चढला. इतरांच्या आया अशा वेळी मुलाला मांस आणि दारूची शपथ घालतात. रघुच्या आईने, आवडाबाईंनी, ती घातली नाही. घरी दोन्ही चालत होतं. ते लंडनला बंद ठेवण्याचं कारण त्यांना दिसलं नाही. त्यांनी शपथ घातली ती सुतकाची.

"भावकीतला कोनीबी जाऊ दे, सुतक पाल. आपला विटाल दुसऱ्याच्या ताटाला लावू नुको. घे माज्या गल्याची आन."

रघुने घेतली. भोईरांची भावकी चव्वेचाळीस घरांची आहे हे तेव्हा कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

पहिल्या पत्रात रघुने तिथली पद्धत कळवली. परीक्षा तर द्यायच्याच. पण नुसत्या परीक्षा देऊन बॅरिस्टर होता येत नाही. वर्षाला चार सत्रं, अशी बारा सत्रं बॅरिस्टरांच्या संस्थेच्या भोजनगृहात जाऊन जेवावं लागतं. दर सत्राला सहा जेवणं. चार-चार जणांचं एक टेबल, वाढप चौघांत एक. प्रार्थनेच्या आधी जायचं, प्रार्थनेनंतर उठायचं. जेवण चुकलं तर सत्र बुडालं, मग परीक्षेत तुम्ही पहिले का येईनात.

हे पत्र मी धाकूबाबांना वाचून दाखवलं.

"म्हंजे जेवला का बालिष्टर?"

"जवळजवळ."

"आन आमी फुकट जेवलो इतके वरीस."

धाकूबाबांची पत्रं मी लिहीत असे. ते सांगत, मी लिही, आणि खाली ते डाव्या हाताचा अंगठा उठवत. अंगठ्यावर कोयत्याची एक जुनी आडवी खूण होती. ठशात तिथे पांढरी रेघ उमटे. पंधरा दिवसांनी एक पत्र, हवाई टपालाने. गावची खबर त्यात सगळी असे आणि गावची खबर म्हणजे मुख्यतः कोण गेलं ती. पहिल्याच वर्षी वसंतातल्या सत्रात भावकीतल्या नाथाची आजी गेली. रघुने दहा दिवस सुतक पाळलं. टेबलावरच्या तीन साहेबांना आपलं सुतक लागेल, आणि त्यांना ते ठाऊकही नसेल, हे त्याला पटेना. दहा दिवस सरतात तोच नाथाचा चुलताही गेला. सत्र तीन आठवड्यांचं. ते बुडालं. हिवाळ्यातलंही असंच बुडालं, त्यात एक मरण आणि एक जन्म होता. जन्मालाही सोयर असतंच.

साडेतीन वर्षांत चौदा सत्रं. दोन गेली. आता बाराच्या बारा उरलेली लागणार होती, आणि चव्वेचाळीस घरांत अजून बरीच म्हातारी माणसं होती.

मी कल्याणला जाऊन एका जाणत्या भटजींना गाठलं. खबर उशिरा लागली तर काय, असं विचारलं. त्यांनी तपकिरीची चिमूट सोडली नाही.

"दहा दिवसांनंतर कळलं तर भाऊबंदाचं सुतक तीन दिवस. शास्त्र आहे, मास्तर. ज्याला कळलं नाही त्याला सुतक नाही."

"आणि कळवणाऱ्याने मुद्दाम उशिरा कळवलं तर?"

"ते तुमच्या माथी. त्याच्या नाही." मी उठलो तसे ते म्हणाले, "मात्र आईबापाचं तसं नाही हं. ते ज्या दिवशी कानी पडेल त्या दिवसापासून पुरे दहा. मग वर्षानं कळो."

मी ते ऐकलं आणि लक्षात ठेवण्याची गरज नाही असं ठरवलं.

त्यानंतर आमचं टपाल सुरळीत झालं. लग्नं विमानाने जात, जन्म आणि मरणं बोटीने. बोट तीन आठवडे घेई. रघु तीन दिवस घरात बसे, चौथ्या दिवशी जेवायला जाई. अशी आधीची धरून अकरा सत्रं पुरी झाली. परीक्षा तो मधल्या वेळात पास झाला. त्याबद्दल मानपाड्यात कुणी विचारलं नाही. "कती जेवनं रायली?" एवढंच विचारत.

चोपन्नच्या चैत्रात धाकूबाबांचा खोकला छातीत उतरला. शेवटचं सत्र आठ दिवसांवर आलं होतं. सहा जेवणं, मग बॅरिस्टरचा झगा, मग बोट. धाकूबाबा खाटेवरून बोटं मोजत. एक दिवस दुपारी त्यांनी बोटं मोजणं थांबवलं.

क्रियाकर्म पुतण्याने, पोपटने केलं. तिसऱ्या दिवशी आवडाबाईंनी मला बोलावलं. कपाळ पुसलेलं होतं. मी कागद घेऊन गेलो होतो. काय लिहायचं ते कळत नव्हतं, म्हणून वर फक्त तारीख घातली होती.

"मास्तर, काय लिवता?"

"कळवायला हवं ना, आवडाबाई. बाप आहे."

"कलवला तं तो धा दिस बसंल. मंग?"

"मग सत्र जाईल. मंडळ पुढे ठेवणार नाही. परत यावं लागेल, तसाच."

"अर्दाच बालिष्टर."

"अर्धा असं काही नसतं. काहीच नाही."

त्यांनी पदराने तोंड पुसलं. "ते हातरुनावर बोटा मोजीत होते. लिवा, बरा हाय म्हनून. खोकला कमी हाय."

"तुम्हीच शपथ घातलीत त्याला."

"मीच घातली ना? मंग पाप माज्या माथी. लिवा तुमी."

मी लिहिलं. वीस वर्षं मुलांना शुद्धलेखन शिकवत होतो. ते पत्र एकही चूक न करता लिहिलं. खाली अंगठा हवा होता. आवडाबाईंनी डावा हात पुढे केला, मी दौत सरकवली. माझ्या मते अंगठा म्हणजे अंगठा, एक काळा डाग. सहीचं अक्षर ओळखता येतं, अंगठ्याला कुठलं अक्षर? बी.ए.पर्यंत शिकलेल्या माणसाचं हे मत होतं.

पंधरा दिवसांनी दुसरं पत्र गेलं. त्यातही खोकला कमी होता.

रघुची उत्तरं आली. "ती. बाबांस सा. न. वि. वि. जेवणं चालू आहेत. सहापैकी तीन झाली." पुढच्यात, "सहा झाली." इतकंच. मुलगा सत्राच्या घाईत आहे असं मी आवडाबाईंना सांगितलं. याआधीच्या प्रत्येक पत्रात त्याने खोकल्याचं विचारलं होतं. या दोहोंत ते नव्हतं, हे मला नंतर आठवलं.

श्रावणात तो डोंबिवली स्टेशनवर उतरला. गावाने बेंजो आणायचं ठरवलं होतं, ते मी रद्द करवलं. टांग्यात आम्ही दोघेच होतो. वाटेत सांगायचं असं ठरवून मी गेलो होतो. निम्मी वाट टांगेवाल्याच्या घोड्याबद्दल बोलण्यात गेली.

"रघु," मी म्हणालो, "तुझे बाबा..."

"माहीत आहे मला, मास्तर."

"कुणी कळवलं?"

"तुम्हीच. ठशात रेघ नव्हती." तो बाहेर बघत होता. "आणि अंगठा लहान होता. आईचा ना?"

"कधी कळलं?"

"पहिलं पत्र आलं तेव्हा दोन जेवणं झाली होती."

मी हिशेब केला. म्हणजे चार.

"मग तू..."

"पुराव्याच्या कायद्यात अंगठा कुणाचा ते कळतं, मास्तर. माणूस गेला असं ठशात लिहिलेलं नसतं. लिहिलेलं होतं खोकला कमी आहे म्हणून." थोड्या वेळाने तो म्हणाला, "असा युक्तिवाद मी चारही दिवस केला. समोर ते तिघे बसलेले. एकाने मला मीठ पुढे केलं."

टांगा शीळफाट्याच्या रस्त्याला लागला. मी विचारलं, "घेतलंस?"

"घेतलं."

घरी आवडाबाई दारात उभ्या होत्या. त्यांच्या कपाळाकडे त्याने एकदाच पाहिलं आणि मान खाली घातली. त्या म्हणाल्या, "सगली जेवलास ना रं?"

"सगली, आये."

"मंग झाला."

त्याने त्याच दिवसापासून दहा दिवस सुतक धरलं. केस उतरवले. बापाला दाखवायला आणलेला बॅरिस्टरचा घोड्याच्या केसांचा टोप पेटीतच होता. गावातल्या पोरांनी तो बघायला मागितला तेव्हा आवडाबाईंनी त्यांना हाकललं. शपथ मोडल्याचं त्याने त्यांना सांगितलं नाही. त्यांनीही विचारलं नाही. मला वाटतं त्यांना माहीत होतं, पण मास्तरच्या वाटण्याला काही किंमत नाही हे मी नुकताच शिकलो होतो.

मग तो ठाण्याला बसू लागला. पाटी लावली. मानपाड्यापासून दिव्यापर्यंतची माणसं आली. आपला बालिष्टर म्हणून आली. वकीलपत्रावर त्यांनी अंगठे उठवले. रघु तो ठसा उजेडाला धरून बघत बसे, मग समोरच्याला विचारी, "हा तुमचाच?"

"माजाच तं. तुमच्यासमोर उटवला ना!"

तो मान डोलवी आणि पुन्हा बघे. माणसं दुखावली. अंगठ्यावर शंका घेणारा वकील कोण ठेवील? काही महिन्यांनी त्याने कारकुनाला सांगून ठेवलं की सही करणारे पक्षकार असतील तर आत पाठव. ठाणे जिल्ह्यात त्या वर्षी सही करणाऱ्यांना बॅरिस्टर परवडत होते, पण ते मुंबईचे घेत.

धाकूबाबांचं समन्स अजून माझ्याकडे आहे. रघु बॅरिस्टर होण्याची वाट बघत त्याच्या तारखेला कुणी हजरच राहिलं नाही, म्हणून तो दावा एकतर्फी निकाली निघाला. एकदा मी तो रघुपुढे ठेवला. त्याने कागद वाचला, मागे उलटवला. पोच म्हणून उठवलेला अंगठा तिथे होता, मधून पांढरी रेघ गेलेला. त्यावर त्याने बराच वेळ बोट ठेवलं.

"हा त्यांचाच," तो म्हणाला, आणि कागद मला परत दिला.