नऊ अक्षरांची खोडी

मंजुळा रोज फुलंब्रीहून एसटीने यायची आणि चिकलठाण्याच्या कारखान्यात संगणकावर बसायची. आजा-पणजा मेंढरांमागं हिंडलेला. घरात यंत्राला बोट लावणारी ही पहिलीच. त्र्याण्णवचा डिसेंबर सरत होता. विद्यापीठाच्या नामांतराचा निर्णय तोंडावर आलेला, चौकाचौकांत बंदोबस्त, आणि एसटी कधी बंद पडेल याचा नेम नाही. सुटी झाल्यावर गाडीची खबर येईपर्यंत तास-दीड तास बसून काढावा लागे. तेवढ्या वेळात मंजुळाला विटा फोडायच्या खेळाचा नाद लागला. खेळाच्या फाइलीला तिनं ‘पगार’ असं नाव देऊन टाकलं होतं. त्या नावाच्या फाइलीत कोण कशाला डोकावतंय?

मग पुण्याच्या मुख्य कचेरीचं पत्र आलं. संगणक विभागाचे साहेब अनंतराव यांनी ते सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. उमा मॅडम तपासणीला येणार, सोबत ठशांची यादी आणणार. फाइलीतल्या अक्षरन् अक्षराचं गणित करून बत्तीस अक्षरांचा ठसा निघतो; नाव कितीही बदला, ठसा तोच. आत एक अक्षर जरी हललं, तर ठसा पार वेगळा.

“खेळ सापडला की नोकरी गेली समजा,” अनंतराव चष्म्यावरून बघत म्हणाले.

बहुतेकांनी घाबरून आपापले खेळ पुसले. मंजुळाच्या कानात मात्र पत्रातलं शेवटचंच वाक्य राहिलं. त्या संध्याकाळी तिनं फाइल आतून उघडली. खेळ हरला की पडद्यावर इंग्रजीत ‘गेम ओव्हर’ यायचं. मधली मोकळी जागा धरून बरोबर नऊ अक्षरं. ती खोडून तिनं रोमन लिपीतच ‘घरी जा’ लिहिलं, शेवटचा ‘ए’ दोनदा. तीही नऊच भरली. खेळ चालला तसाच चालला. म्हणजे ठसा बदलला! बस यायला उशीर झाला तरी त्या दिवशी ती गालातल्या गालात हसत होती.

उमा मॅडम आल्या, फ्लॉपी सरकवली आणि पहिल्यांदा साहेबांचंच यंत्र तपासायला घेतलं. एक ठसा जुळला तसा यंत्रानं ‘टुंग’ असा आवाज केला.

“अनंतराव, हे ‘अंदाजपत्रक’ म्हणजे विटा फोडायचा खेळ आहे.”

“छे हो! व्हायरस असेल.”

“असेल. पण या व्हायरसनं कालच साडेचार हजार गुण मिळवलेत. शेजारच्या फाइलीत नावही लिहून ठेवलंय, अनंत.”

अनंतरावांना एकदम खोकल्याची उबळ आली. मंजुळानं ओढणीत तोंड खुपसलं.

पण हसू फार वेळ टिकलं नाही. मॅडमकडे दोन याद्या होत्या. एकीत खेळांचे ठसे, दुसरीत कचेरीतल्या सगळ्या रीतसर फाइलींचे. मंजुळाच्या यंत्रावरच्या नऊशे फाइली दुसऱ्या यादीत सापडून मुकाट बाजूला गेल्या. उरली फक्त एक.

“ही ‘पगार’ कुठल्याच यादीत नाही,” मॅडम म्हणाल्या. “आता उघडूनच बघायला हवी.”

 मॅडम खेळल्या, हरल्या, आणि पडद्यावर उमटलं: घरी जा.

 मग मॅडम एवढ्या मोठ्यानं हसल्या की बाहेरचा शिपाई डोकावला.

“कुणाचं हे काम?”

“मीच केलं, मॅडम. खोटं बोलत नाय.”

“अगं, खेळ तसाच ठेवला असतास, तर पुसून पुढं गेले असते. तू अनोळखी केलास म्हणून तर उघडावा लागला.” “नऊच अक्षरं का?”

“एक जरी जास्त झालं तर पुढचं समदं सरकतं. मग खेळ चालत नाय.”

“हे कुणी शिकवलं?”

“कुणीच नाय. दोनदा बिघडला, तवा कळलं.”

मॅडमनी फाइल पुसली आणि फ्लॉपी तिच्याच हातात ठेवली. “बाकीची यंत्रं तू तपास. पुढच्या महिन्यात पुण्याला ये, याद्या करायला माणूस हवंय मला.”

मंजुळा लगेच कामाला लागली. भांडारात सर्जेरावांच्या यंत्रावर ‘खिळे-मोळे’ नावाची फाइल सापडली. ते हात जोडून म्हणाले, “ताई, लई चांगला डाव चाललाय. एवढा संपू द्या.”

मंजुळानं मागं वळून पाहिलं. मॅडम दूर होत्या. तिनं स्टूल ओढलं. “खेळा. पण लवकर हरा.”