अकरा गोऱ्या माणसांची भिंत

सियानोला आपल्या चित्रकलेबद्दल काही गैरसमज नव्हता. बातांगासला असताना वीस वर्षं त्याने जीपनी गाड्या रंगवल्या. पुढे घोडा, दारावर कोंबडा, मागे मालकाच्या मुलींची नावं. घोडे बरे जमायचे. एकदा हौसेने मालकाच्या आईचा चेहरा काढला, तर बाई महिनाभर त्या गाडीत बसली नाही. तरी डार्विन शहरातल्या फिलिपिनो मंडळींनी त्यांच्या हॉलची भिंत रंगवायला त्यालाच धरलं, कारण दुसरं कुणी नव्हतं, आणि नाही म्हणायची सियानोला सवय नव्हती.

भिंतीची निकड मात्र खरी होती. इथे गेलेलं माणूस विमानाने गावी परत जायचं, पेटीतून नाहीतर राख होऊन बरणीतून. मग उंदासला, म्हणजे गेलेल्यांच्या दिवशी, मेणबत्ती लावायची कुठे? मागच्या वर्षी सगळे पार्किंगमध्ये मेणबत्त्या घेऊन उभे राहिले, तर कुणीतरी अग्निशामक दलाला फोन केला. म्हणून यंदा भिंतीवर अकरा चेहरे. अकरावी नेनिता, सियानोची बायको, चार वर्षांपूर्वी गेलेली. 'देवा, बाकीचे दहा बिघडले तरी चालतील, ही एक साधू दे,' असं तो मनात म्हणाला. त्या दहांच्या नातेवाइकांनी ऐकलं असतं तर त्याला भिंतीतच चिणला असता.

नातेवाईक फोटो घेऊन आले, आणि या कुयासाठी, म्हणजे दादासाठी, सूचनाही.

"कुया, आमच्या ह्यांचं नाक जरा वर काढा."

"पपा एवढे काळे नव्हते हो कुया, फोटोत उन्हात उभे होते."

"पुढे आलेले दात झाका ना तिचे. जन्मभर लाजायची."

सियानोने कुणालाही दुखावलं नाही. दुखवायला कणा लागतो, आणि त्याचा कणा केव्हाच कुठल्यातरी जीपनीखाली आला होता. पांढऱ्या रंगाचे डबे संपले, तपकिरी तसाच राहिला. नेनिताला तर त्याने इतकी गोरी आणि सरळ नाकाची केली, की क्षणभर तो स्वतःच तिच्यापुढे अदबीने उभा राहिला.

उंदासच्या दुपारी प्रार्थना झाली, पडदा सरला. सगळे म्हणाले, सुंदर. पान्सितच्या, म्हणजे परतलेल्या शेवयांच्या, ताटल्या फिरू लागल्या. सियानो मान खाली घालून कौतुक ऐकत होता, एकही शब्द चुकणार नाही अशा बेताने.

तेवढ्यात सेफा आजी मेणबत्ती घेऊन पुढे आली. तिचा मुलगा डोमेंग कोळंबीच्या बोटीवर स्वयंपाकी होता. बोटीबरोबर बुडाला, तो सापडलाच नाही. म्हातारी भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेली आणि परत आली.

"सियानो, यातला माझा कुठला रे?"

"तिसरा, आजी."

"हा? हा तर बँकेतला साहेब दिसतो. माझा पोरगा तव्याच्या बुडासारखा काळा होता. भुवईवर खोक होती, मीच उलथनं फेकून मारलं होतं." ती भांडत नव्हती, विचारत होती. "मी मेणबत्ती कुणापुढे लावू?"

सियानोला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो आत गेला आणि तपकिरी डबा घेऊन आला. अंगातला चांगला सदरा न बदलताच त्याने डोमेंगला काळा केला. खोक कुठे होती ते दाखवायला आजीने ओल्या रंगावर बोट ठेवलं, आणि तो डाग त्याने तसाच राहू दिला.

मग रांगच लागली. "ह्यांचं नाक बसवा परत, त्याच नाकाने घोरायचे." "दात काढा तिचे बाहेर." लोक हसत होते, डोळे पुसत होते, सियानो रंगवत होता. शेवटी नेनिता राहिली.

रंग जमला. नाक बसकं केलं. आता ओठाखालचा तीळ. ब्रश उचलला आणि हात थांबला. डावीकडे की उजवीकडे? एकतीस वर्षं शेजारी झोपलेला हा नवरा, मान तिरकी करून उशी आठवू लागला. काही येईना. घरी भिंतीवर तिचा मोठा फोटो होता, पण त्यातला तीळ फोटोवाल्याकडून त्यानेच पुसून घेतला होता. चार वर्षं रोज तो त्याच फोटोकडे बघून दिवा मालवत होता.

मागे पुरिंग उभी होती. एकोणीस वर्षं दर शनिवारी ती नेनितासमोर बसून माहजोंग खेळली, आणि दोघींचं कधी पटलं नाही.

"पुरिंग," तो हळूच म्हणाला, "तीळ कुठल्या बाजूला होता गं?"

आता ही टोमणा मारणार, असं सगळ्यांना वाटलं.

"तिच्या डावीकडे," पुरिंग म्हणाली. "चांगली सोंगटी आली की खाजवायची. त्यावरूनच तर मी जिंकायचे."

"तिला कधी सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर खाजवायची थांबली असती ना."

सियानोने ब्रश तिच्याच हातात दिला. पुरिंगने नीट बघून ठिपका ठेवला आणि मागे सरली.

"आता झाली नेनिता," ती म्हणाली.

झालीच होती. चार वर्षं आपण कुणा भलत्याच बाईकडे बघून झोपत होतो हे सियानोला कळलं, आणि तो सगळ्यांदेखत रडायला लागला.