प्लंबरकाकांच्या हृदयाची झडप

मित्रांनो, मी एक जुनी झडप आहे. दाराची नव्हे, एका प्लंबरकाकांच्या हृदयाची. वय चौऱ्याहत्तर, म्हणजे काकांएवढेच. मला तीन पातळ पाकळ्या आणि काम एकच: रक्त पुढे सोडायचे, मागे फिरू द्यायचे नाही. दिवसातून लाखभर वेळा उघडमीट केली, कधी रजा मागितली नाही. कौतुक मात्र काकांच्या हातांचे व्हायचे.

रक्त तयार होते ते हाडांच्या आत. तिथल्या एका मूळ पेशीत उतारवयात बारीकसा बदल झाला आणि तिची पिल्लावळ वाढत वाढत रक्तातून माझ्यापर्यंत आली. तो कर्करोग नव्हता, पण ही मंडळी तापट; जातील तिथे दाह पेटवायची. मी कडक होत गेले, अंगावर चुन्याचे खडे धरले. सगळे खापर त्यांच्याच माथी फोडत नाही, वयही होतेच. संशोधकांना या पेशींचा आणि माझ्या कडकपणाचा संबंध दिसतो आहे; कोण किती दोषी, हे अजून ठरायचे आहे.

काका जिन्यात थांबू लागले. "हल्ली जिनेच उंच बांधतात," म्हणायचे. एकदा कामावर चक्कर आली, तेव्हा मुलीने दवाखान्यात नेले.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "झडप बदलायला हवी. थांबलात तर जिवावर बेतेल."

"छे! चालू नळाला हात लावू नये, हा आमच्या धंद्याचा नियम."

मुलगी रडकुंडीला आली. मला तर काकांचा रागच आला.

बाईंनी वाद घातला नाही. स्टेथोस्कोप काकांच्याच कानांत अडकवला आणि दुसरे टोक त्यांच्या छातीवर ठेवले.

जन्मभर पाइपला कान लावून बिघाड ओळखणारे काका डोळे मिटून ऐकत राहिले. मी जिवाच्या आकांताने फुसफुसत होते.

"अगं, हा व्हॉल्व्ह तर पार चोंदलाय!" ते मुलीला म्हणाले. "गिऱ्हाइकाकडे असा एक दिवस ठेवला नसता मी. बाई, कधी बदलताय?"

मांडीतल्या रक्तवाहिनीतून, बारीक नळीवर मिटलेली नवी झडप आली आणि माझ्या आतच उघडली. मी भिंतीशी दाबली गेले. आता काम तिचे, मी नुसती टेकलेली. वाईट वाटते, खोटे कशाला बोलू? ती पिल्लावळ अजून रक्तात आहेच, म्हणून काकांच्या तपासण्या चालू असतात.

मित्रांनो, घरातले वडीलधारे धापा टाकू लागले, तर "वय झालं" म्हणून सोडून देऊ नका. दवाखान्यात न्या. मी चार वर्षे फुसफुसत होते. कोणी छातीला कान लावला असता, तर काकांना ती चार वर्षे सुखाने श्वास घेता आला असता.