भिंतीवरचा फोन

खऱ्या गुन्ह्यांवरच्या एका टीव्ही मालिकेसाठी खरं नेमकं काय घडलं, हे शोधून आणायचं काम जिच्याकडे होतं, तिला सगळे फाइलताई म्हणत. कोर्टातून निकालाच्या नकला काढायच्या, मेलेल्या माणसाच्या घरी जाऊन बसायचं, होकाराच्या कागदावर सही घ्यायची. यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. तिचा चेहराच असा होता की समोरचं माणूस पाण्याचा ग्लास पुढे करता करताच रडायला लागे.

तिने आणलेली फाइल मुख्य लेखकाकडे जाई. त्यांना सगळे मास्तर म्हणत, कारण धडा शिकवल्याशिवाय त्यांचा एकही भाग संपत नसे. त्यांच्या खोलीतल्या पांढऱ्या फळ्यावर प्रत्येक भागाचे चार रकाने असत: कोण मेलं, कुणी मारलं, कसा सापडला, आणि चौथा, चूक. सगळी मालिका त्या चौथ्या रकान्यावर उभी होती. भागाच्या शेवटी कोट घातलेला निवेदक चालत पुढे येई आणि मेलेल्या माणसाचं काय चुकलं ते सांगे. दार उघडायला नको होतं. अनोळखी माणसाशी बोलायला नको होतं. प्रेक्षकांना हे फार आवडे. आपण काही असलं करत नाही, म्हणजे आपल्याला काही होणार नाही, असं म्हणून ते निवांत जेवायला उठत.

या वेळची फाइल एका मुलीची होती. नऊ वर्षांपूर्वी मीटर बघायला आलेल्या माणसाने तिला तिच्याच घरात मारलं होतं. मुलीची आई एका मोठ्या हॉस्पिटलच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करायची. फाइलताई तिच्याकडे तीनदा जाऊन आली आणि तिसऱ्या खेपेला तिला मावशी म्हणू लागली.

"माझं काय दाखवायचं ते दाखवा," सही करताना मावशी म्हणाली, "पण तिला नावं ठेवू नका. लोकांनी ठेवली तेवढी पुरे झाली."

"शब्द देते, मावशी."

"डॉक्टर कोर्टात म्हणाले, एका क्षणात झालं. तिला कळलंसुद्धा नाही. भ्यायलाही वेळ मिळाला नाही तिला." मावशीने पेनाला टोपण लावून ते परत दिलं. "तेवढ्यावरच चाललंय माझं."

पंचाईत अशी झाली की मुलीची चूकच सापडेना. फाइलताईने चारशे पानं दोनदा चाळली. मुलीने साखळी लावूनच दार उघडलं होतं. ओळखपत्र पाहिलं, ते खरं निघालं. तेवढ्यावर न थांबता तिने कंपनीला फोन करून विचारलं, आणि कंपनीने सांगितलं की हो, माणूस आमचाच आहे. तो तिचा शेवटचा फोन. फोनच्या नोंदींत त्यानंतर काहीही नव्हतं.

"चुकीशिवाय भाग होत नाही," मास्तर म्हणाले.

"चूक नाहीच आहे, मास्तर."

"मग लोकांनी घ्यायचं काय यातून? सगळं नीट केलं तरी माणूस मरतो? हे ऐकायला कोण बसेल? तिने साखळी काढली होती, असं लिहून टाकू."

"नाही. मी शब्द दिलाय तिच्या आईला."

"मग तूच दे दुसरी चूक. परवा चित्रीकरण आहे."

आणि तिने दिली. धुलाईघराच्या भिंतीवर एक फोन होता, तो तिने पाहिला होता. मशिनी सुरू असल्या की त्या खोलीत शेजारच्या माणसाचं बोलणंही ऐकू येत नसे. ती म्हणाली, मुलीला संशय आला, तिने त्या फोनवर आईला तीनदा फोन केला, आणि आईला तो ऐकू गेला नाही. मास्तरांनी लगेच चौथा रकाना भरला.

तिचंही काही गणित होतं. मावशी चार वर्षं प्रत्येक तारखेला कोर्टात बसली होती. असा फोन झालाच नाही, हे तिला माहीत असणार. बघेल, टीव्हीवाल्यांना चार शिव्या घालेल आणि विसरून जाईल. शिवाय माझं काय दाखवायचं ते दाखवा, असं तिनेच म्हटलं होतं. फाइलताईचा जीव भांड्यात पडला.

चित्रीकरण छान झालं. तिसऱ्या फोनला दिग्दर्शक हात वर करून "अजून, अजून" म्हणत राहिला. घंटा वाजत राहिली, मुलीचं काम करणारी नटी दाराकडे बघत थरथरत राहिली, आणि कॅमेरावाल्यानेसुद्धा डोळे पुसले.

भाग दाखवला गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी मावशीचा फोन आला.

"तिला नावं ठेवली नाहीत तुम्ही. उपकार झाले," मावशी म्हणाली. "मशिनी चालू असल्या की तो फोन ऐकू येत नाही, हे मी साहेबांना कितीदा सांगितलं होतं, ताई."

फाइलताई घाईघाईने म्हणाली, "मावशी, तो फोन झालाच नव्हता. ते आम्ही रचलं."

"बरं," मावशी म्हणाली. लहान मुलाची समजूत काढताना म्हणतात तसं.

फाइलताई फाइल घेऊन धावत तिच्या घरी गेली. फोनच्या नोंदींचं पान काढून तिने समोर ठेवलं. "हे बघा, कंपनीला एकच फोन. तुमचा नंबर कुठेच नाही. तुम्ही स्वतः होता ना कोर्टात?"

"कोर्टात मला काय कळत होतं? ते आपापसात बोलायचे, मी नुसती बसायची." मावशीने ते पान न बघताच नीट घडी घालून परत दिलं. "तुम्ही सगळं वाचलंय. खरं असल्याशिवाय तुम्ही दाखवलं नसतं. आता मला वाईट वाटू नये म्हणून खोटं बोलताय. तुमच्या जागी मीही तेच केलं असतं."

फाइलताईने शपथा घेतल्या. माझीच कल्पना होती, मीच सांगितलं, असं ती रडत रडत म्हणाली. मावशीने तिला पाणी आणून दिलं आणि पाठीवरून हात फिरवला. तीन फोन करायचे, म्हणजे मुलीला कळलं होतं. म्हणजे तिला भ्यायला भरपूर वेळ मिळाला होता. मावशीने हे सगळं रात्रीच समजून घेतलं होतं, आणि ते आता तिच्या डोक्यातून काढणं कुणाच्याही हातात राहिलं नव्हतं.

"एवढंच सांगा, फाइलमध्ये असेल," मावशी शांतपणे म्हणाली. "तिसऱ्यांदा तिने किती वेळ वाजू दिला?"