सातव्या डावानंतर

आर्डिस गेर्केनं अडतीस वर्षांत बेसबॉलचे अडतीस सामने पाहिले होते आणि त्यातल्या एकाचाही शेवट पाहिला नव्हता.

दोष गाईंचा. गाईला काय, आज रविवार आहे की सामना आहे, तिला घेणंदेणं नसतं. पहाटे पाचला कास भरते तशी संध्याकाळी साडेपाचलाही भरते, आणि धार काढायला माणूस हजर नसला की ती असा काही हंबरडा फोडते की चार शेतांपलीकडचा शेजारी फोन करून विचारतो, मेलात की काय सगळे? गेर्क्यांच्या गोठ्यापासून मिलवॉकी शहरातलं मैदान मोटारीनं दोन तास. सामना दुपारी एकच्या पुढे सुरू व्हायचा. तीनच्या ठोक्याला निघालं तर सव्वापाचला गोठ्यात. म्हणजे नऊ डावांतले जवळजवळ सात पदरात पडायचे, बाकीचे दोन परतीच्या वाटेवर रेडिओवर.

निघायची युक्ती ऑर्लिनची, तिच्या नवऱ्याची. सातव्या डावाच्या मध्यावर सगळं मैदान पाय मोकळे करायला उठून उभं राहतं आणि एका सुरात गाणं म्हणतं. लहान-थोर, सगळे. ऑर्लिनही उभा राहायचा, मोठ्यानं गायचा, आणि गाणं संपलं की म्हणायचा, "आता उभे आहोतच, तर निघूया." अडतीस वर्षं हेच. आर्डिस धावफलकाचा कागद मांडीवर घेऊन मोटारीत बसायची आणि रेडिओवर ऐकून शेवटचे दोन रकाने भरायची. ते अक्षर खड्ड्याखड्ड्याला उडालेलं असायचं.

या वर्षी मार्चमध्ये गाई गेल्या. बासष्ट गाई, तीन ट्रक. ऑर्लिनच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, मुलगी मिनियापोलिसला नर्स, तिला गोठा नको होता, आणि त्यात तिची काही चूक नव्हती. ट्रक वळणावर दिसेनासे झाले तसा ऑर्लिन घरात आला आणि म्हणाला, "कॉफी आहे का?" बस. त्यानंतर एक अक्षर नाही. पण रोज पहाटे साडेचारला तो उठायचा, बूट घालायचा, रिकाम्या गोठ्यात जाऊन स्वच्छ फरशी पुन्हा धुवायचा. आर्डिस खिडकीतून बघायची. तिला वाईटही वाटायचं आणि रागही यायचा, दोन्ही एकदम.

जूनमध्ये तिनं स्वतःच तिकिटं काढली आणि त्याच्या ताटाशेजारी ठेवली.

"यंदा शेवटपर्यंत," ती म्हणाली.

"बघू."

"बघू नाही. बसायचं."

शेवट तिला स्वतःसाठी बघायचा होता, उगीच साळसूदपणा कशाला. अडतीस वर्षांची हौस होती ती. पण मनात आणखी एक धास्ती होती. हा माणूस आज दोन डाव जास्तीचे बसू शकला नाही, तर मग आयुष्यात कधीच बसणार नाही. मरेपर्यंत कोरडी फरशी धूत राहील.

जाताना ऑर्लिन नेहमीसारखा दुसऱ्यांच्या शेतांकडे बघत मोटार चालवत होता.

"त्या बिचाऱ्याचं कापलेलं गवत भिजलं बघ."

"तू रस्ता बघ. गवत त्याचं आहे, मोटार आपली आहे."

मैदानाबाहेर त्यानं गाडी पार टोकाला लावली, फाटकाजवळ, तोंड बाहेरच्या रस्त्याकडे करून.

"इतक्या लांब कशाला? तिकडे दाराशी जागा मोकळी आहे की."

"इथून निघायला बरं पडतं."

आर्डिसनं दीर्घ श्वास घेतला आणि सॅंडविचचा डबा उचलला. गुडघा दुखत असूनही तो पुढे आणि ती मागे, असे दोघं चालत गेले. वाटेत पोरंपोरी मोटारींच्या मागं शेगड्या पेटवून सॉसेज भाजत होती. एकीनं आग्रह करून दोघांच्या हातात एकेक पाव-सॉसेज ठेवलं, वर मोहरी आणि कांदा. ऑर्लिननं तिथंच उभ्याउभ्या संपवलं आणि म्हणाला, "हे मात्र झकास." आर्डिसला बरं वाटलं. दिवसाची सुरुवात तरी चांगली झाली.

सामना छान रंगला. ऊन होतं, वारा होता, मिलवॉकीचा पिचर चेंडू असा टाकत होता की समोरचे फलंदाज नुसती हवा कापत होते. पाचव्या डावापर्यंत ऑर्लिन मजेत होता. पंचाला शिव्या घालून झाल्या, शेंगदाणे खाऊन झाले. सहाव्यात त्यानं घड्याळ बघितलं. मग पुन्हा बघितलं. आर्डिस कागदावर रकाने भरत राहिली.

सातव्यात सगळे उठले, गायले. गाणं संपलं, लोक बसले. ऑर्लिन उभाच. एका हातात टोपी, दुसऱ्या हातात डबा.

"आर्डिस."

ती बसली होती. "काय?"

"नाही, म्हटलं, गर्दी होईल."

"होऊ दे."

"मग रस्त्यात अडकू. उशीर होईल."

"कशाला उशीर होईल, ऑर्लिन?"

त्यानं टोपी डोक्यावर घातली. मागून कुणीतरी ओरडलं, "अहो, बसा की खाली! पुढचं दिसत नाही!" ऑर्लिनच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. "जरा पाय मोकळे करून येतो," असं पुटपुटून तो लोकांच्या गुडघ्यांना धक्के देत पायऱ्या चढून गेला. डबा घेऊन.

पाय मोकळे करायला कुणी डबा घेऊन जातं का!

आर्डिसला आधी संताप आला. जा म्हणावं, जाऊन बस मोटारीत. मी हलणार नाही. आठवा डाव सुरू झाला. आयुष्यात पहिल्यांदा ती आठवा डाव डोळ्यांनी बघत होती, कागद मांडीवर स्थिर होता, आणि लक्ष सारखं पायऱ्यांकडे. समोरच्या संघानं एक धाव काढून बरोबरी केली. सगळे हळहळले, तिला काही वाटलंच नाही. शेजारची खुर्ची रिकामी होती. त्या खुर्चीकडे बघून तिला वाटलं, हा असा शेवट काय कामाचा? उठावं, जावं, म्हणावं चल बाबा घरी, तुझी फरशी वाट बघतेय. तिनं पर्स उचललीसुद्धा. मग पुन्हा खाली ठेवली. नाही. एकदा तरी नाही.

नवव्या डावाच्या सुरुवातीला ऑर्लिन परत आला. डबा काखेत, दोन्ही हातांत आइस्क्रीम, एक मनगटावर ओघळलेलं.

"कुठे होतास?"

"दारापाशी."

"एवढा वेळ?"

"बाहेर निघालो, तर दारावरची बाई म्हणते, एकदा बाहेर गेलात की परत आत घेत नाही. मी म्हटलं, असं कसं? ती म्हणते, इथं पहिल्यापासून असंच आहे." तो बसला. गुडघा कुरकुरला. "मला कसं माहीत असणार? आपण कधी परत आलोच नव्हतो."

आर्डिसला हसू फुटलं. "मग?"

"मग काय! तिथंच उभा राहिलो. बाहेर मोटार दिसत होती. आत तुझं काय चाललंय ते दिसत नव्हतं. ती बाई दोनदा म्हणाली, आत की बाहेर, ठरवा एकदा, मागे लोक खोळंबलेत." त्यानं एक आइस्क्रीम तिला दिलं. "खा लवकर. गळतंय."

तिनं खाल्लं. इतकं गोड आइस्क्रीम तिनं कधी खाल्लं नव्हतं, आणि ते अगदी साधं होतं.

नऊ डाव संपले तरी बरोबरी सुटेना. जादा डाव सुरू झाले. दहावा झाला, अकरावा झाला. आर्डिसच्या कागदावरचे रकाने संपले, ती कडेच्या कोऱ्या जागेत लिहायला लागली. ऑर्लिननं घड्याळ बघितलं.

"पाच वाजले."

"हो."

"ट्रूडी दाराशी आली असती आत्ता. सगळ्या गाईंना ढकलून."

"ट्रूडी जिथं असेल तिथं दाराशीच असणार. हावरट होती ती."

"हावरट नव्हती. हुशार होती." ऑर्लिन हसला, आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले. लपवायला त्यानं टोपी खाली ओढली नाही. आर्डिसनं त्याच्या मांडीवर हात ठेवला, आइस्क्रीमनं चिकट झालेला. तिला त्याची दया आली आणि त्याच्यावर फार जीवही आला.

बाराव्या डावात शेवट झाला, आणि तो इतका भिकार झाला की विचारू नका. मिलवॉकीची फलंदाजी. तिन्ही बेसवर, म्हणजे धावेच्या वाटेवरच्या तिन्ही थांब्यांवर, आपली माणसं, कान फाटतील इतका गलका, आणि समोरच्या पिचरनं लागोपाठ चार चेंडू भलतीकडे टाकले. नियमानं फलंदाज फुकटात पहिल्या बेसवर, त्याच्यामुळे बाकीचे एकेक पुढे, आणि तिसऱ्यावरचा गडी रमतगमत शेवटच्या, घरच्या बेसवर आला. ना उडी, ना धावपळ, ना धूळ. जिंकलो.

"हे असं?" आर्डिस म्हणाली. "अडतीस वर्षं मी याच्यासाठी झुरले?"

ऑर्लिन गदगदून हसायला लागला. पोट धरून हसला. मागचा मघाशी ओरडलेला माणूसही हसला आणि त्याच्या पाठीवर थाप मारून गेला.

लोक उठले, मैदान रिकामं व्हायला लागलं. आर्डिसनं कागद घडी करून पर्समध्ये ठेवला, डबा उचलला. ऑर्लिन हलला नाही.

"चल की. आता खरंच संपलं."

"थांब. ते बघ."

खाली मैदानावर चार माणसं दाताळी घेऊन आली होती. खेळाडूंच्या बुटांनी उखडलेली माती ती ओढून सारखी करत होती, एकजण मोठ्या नळीनं पाणी मारत होता. चढावर कुठं जास्त, खोलगटात कुठं कमी. ऑर्लिन पुढे वाकून बघत होता, सामना बघितला त्याहून मन लावून.

"बरोबर मारतोय पाणी," तो म्हणाला. "घाई नाही करत."

"ही माणसं रोज येत असतील."

"रोजच. आपण निघून गेल्यावर." त्यानं टोपी मागे सरकवली. "आपल्याला कधी दिसलीच नाहीत."

बाकीचे सगळे गेले. त्यांच्या रांगेत कागदाचे पेले आणि शेंगांची टरफलं उरली. ओळीनं खुर्च्या तपासत एक पांढऱ्या केसांची बाई वर आली. तिच्या अंगात मैदानावरच्या कामगारांचं निळं जाकीट होतं.

"काय मंडळी," ती म्हणाली, "घरी जायचं नाही वाटतं? कुणी वाट बघत नाही का?"

आर्डिसनं ऑर्लिनकडे पाहिलं. मार्चपासून चर्चमध्ये, दुकानात, फोनवर कुणी गाईंचं विचारलं की ऑर्लिन म्हणायचा, सोय केलीय, आणि विषय बदलायचा. आताही तो तेच म्हणणार, असं तिला वाटलं. 

"नाही," ऑर्लिन म्हणाला. "गाई विकल्या आम्ही."

त्या बाईला गाईंचा इथे काय संबंध ते काही कळलं नाही. तिनं दोघांकडे पाहिलं, मग खालच्या माणसांकडे, मग पुन्हा दोघांकडे.

"मग बसा अजून पाच मिनिटं," ती म्हणाली आणि पुढच्या रांगेकडे गेली.

ऑर्लिन मागे टेकला, पाय लांब केले आणि चांगला अर्धा तास बसला.